पेपर सुटल्यानंतरच्या गप्पा

दहावीचं वर्ष लागलं की अनेक घरांत पहिली कुऱ्हाड मित्रांवर पडते. खेळायला जाणं बंद, फोन बंद, ‘आता वर्षभर फक्त अभ्यास’. आईवडिलांची काळजी खरी असते, पण यात मुलांचा एक मोठा आधारच काढून घेतला जातो.

कॅनडातल्या माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पाचवी-सहावीच्या मुलांना दिवसभरातले बरेवाईट प्रसंग लिहून ठेवायला सांगितले आणि त्यांच्या लाळेचे नमुने घेतले. लाळेतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजता येतं. 2011 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाईट प्रसंगी जिवलग मित्र जवळ नसला की कॉर्टिसॉल चढायचं आणि मूल स्वतःच्याच नजरेत उतरायचं. तो शेजारी असला, तर दोन्हींत फारसा फरक पडत नसे.

मित्राची सोबत अशी कामी येते. बोलण्याचं मात्र तसं सरळ नाही. पेपर सुटल्यावर शाळेच्या फाटकाबाहेर काय चालतं ते आठवा. ‘तिसऱ्याचं उत्तर काय आलं तुझं?’ ‘अगं, माझं वेगळंच आलंय!’ ‘गेले माझे चार मार्क.’ घरी पोचल्यावर तेच फोनवर, रात्री तेच ग्रुपवर. अशा मिळून चिंता उगाळण्याचा अभ्यास अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी केला आहे. शाळकरी मुलामुलींची सहा महिन्यांच्या अंतराने पाहणी करून त्यांनी 2007 मध्ये जे मांडलं, ते प्रत्येक पालकाने वाचावं असं मला वाटतं. चिंता उगाळणाऱ्या मुलींची मैत्री घट्ट होत गेली, आणि त्याच वेळी त्यांची उदासी आणि अस्वस्थताही वाढली. मुलग्यांमध्ये मैत्री वाढली, त्रास तसा वाढला नाही. आता नुकसान होतंय हे त्या मुलीला कळणार तरी कसं? मैत्रीण तर जास्तच जवळची वाटत असते. तिला गप्प बसवून उपयोग नाही. एकदा मन मोकळं झालं की दोघींनी उद्याच्या पेपरकडे वळावं, एवढं मोठ्यांनी जरूर सुचवावं.

फिनलंडमध्ये कातारीना साल्मेला-आरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतला थकवा तीन अंगांनी मोजला: अभ्यासाने दमून जाणं, ‘शिकून काय उपयोग’ असं वाटणं आणि आपण कमी पडतोय ही टोचणी. एकाच कंपूतल्या मुलांचा थकवा बराचसा सारखा निघाला. म्हणून एखादा मुलगा शाळेला विटलेला दिसला, तर शिक्षकांनी त्याच्यासोबत डबा खाणाऱ्या पोरांचीही विचारपूस करायला हवी.