वणव्याचा गट नंबर

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळचे पॅलिसेड्स आणि ईटन हे दोन वणवे पेटले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक उपग्रह-नकाशा आला. लाल ठिपक्यांचा नुसता सडा, आणि खाली लिहिलेलं: ‘शेकडो ठिकाणी आगी!’ एक ठिपका म्हणजे एक आग, असं बहुतेकांना वाटतं. ते चूक आहे. उपग्रहावरचा व्हीआयआयआरएस हा संवेदक जमीन साधारण ३७५ मीटरच्या चौकोनांत पाहतो. चौकोन तापलेला दिसला की ठिपका. एकच मोठा वणवा असे शेकडो ठिपके उमटवतो, आणि उपग्रह पुन्हा वरून गेला की त्याच वणव्याचे आणखी ठिपके पडतात.

मग वणवे मोजायचे कसे? अमेरिकेत हा प्रश्न फार अवघड आहे, कारण तिथल्या रानाला मालक अनेक. राष्ट्रीय वनं कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे. राष्ट्रीय उद्यानं, सरकारी माळरानं, अभयारण्यं आणि आदिवासींच्या जमिनी दुसऱ्या खात्याच्या चार वेगवेगळ्या संस्थांकडे. शिवाय राज्य आणि काउंटीची अग्निशमन दलं.

१९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात १३ दिवसांत १६ माणसं दगावली, सातशेच्या वर इमारती जळाल्या. मदतीला आलेल्या दलांचे रेडिओ जुळत नव्हते, शब्दही जुळत नव्हते. ‘टँकर’ म्हटलं की कुणाला पाण्याचा ट्रक कळायचा, कुणाला विमान. त्या अनुभवातून सर्वांसाठी एकच आज्ञापद्धत आणि एकच शब्दसंग्रह ठरला. आता टँकर म्हणजे विमान. पाण्याचा ट्रक तो टेंडर.

माणसांची भाषा जुळली. पुढे संगणक आले आणि तोच गोंधळ नव्याने सुरू झाला. प्रत्येक संस्थेचं सॉफ्टवेअर वेगळं, त्यामुळे एकच वणवा तीन ठिकाणी तीन नावांनी नोंदला जायचा. इथे उपयोगी पडतं ते एंटरप्राइज आर्किटेक्चर, म्हणजे सगळ्या संस्थांच्या प्रणाली आणि माहिती एकमेकींशी कशा जुळतील याचा एकत्र आराखडा. त्याला मी माहितीची नगररचना म्हणेन. घरं कोणी कशीही बांधा, पण रस्ते आणि हद्दी आधी ठरवा.

त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे ओळख. गावात एकाच शेताला कोणी ‘वडाचं’ म्हणतं, कोणी ‘ओढ्याकाठचं’. तलाठ्याकडे मात्र गट नंबर एकच. वणव्यालाही तसाच नंबर मिळतो: वर्ष, ज्या विभागात पेटला त्याचं सांकेतिक नाव आणि तिथला अनुक्रमांक. हे नंबर सांभाळून माहितीची देवाणघेवाण करणारी व्यवस्था म्हणजे आयर्विन. सांगलीकरांना आपला कृष्णेवरचा आयर्विन पूल आठवेल, आणि ही व्यवस्थाही पूलच आहे. दहा प्रणाली एकमेकींना थेट जोडायच्या तर ४५ जोड लागतात. मध्ये एक पूल ठेवला तर दहात भागतं. नवी नोंद आली की जवळच, त्याच सुमाराला दुसरी आग नोंदली आहे का, हे तपासलं जातं. शिवाय कोणत्या रकान्यात कोणाचा शब्द अखेरचा, हेही आधीच ठरलेलं असतं. नाहीतर सकाळी एकाने दुरुस्त केलेलं क्षेत्रफळ दुपारी दुसऱ्याच्या जुन्या आकड्याने पुसलं जाईल.

आता रकाना किती नाजूक असतो ते पाहा. वैमानिक अक्षांश अंश आणि मिनिटांत सांगतो: ३४ अंश ३०.५० मिनिटं. ऐकणाऱ्याने ते ३४.३०५० अंश असं लिहिलं, तर? खरा आकडा ३४.५०८३. फरक ०.२०३३ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून चूक झाली साडेबावीस किलोमीटरची! विमान भलत्याच खोऱ्यावर घिरट्या घालणार.

‘आता एआय वणवे विझवणार’ अशा मथळ्यांचा मला म्हणूनच राग येतो. धूर ओळखणारे कॅमेरे उपयोगी आहेतच, पण त्यांनी कळवलेली आग कोणत्या नंबराखाली, कोणत्या रकान्यात जाणार, हे माणसांनी एकत्र बसूनच ठरवावं लागतं.

आपल्या सह्याद्रीत उन्हाळ्यात डोंगर मुद्दाम पेटवले जातात. ‘जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमात येतं’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. राखेने पहिले कोंब हिरवेगार दिसतात खरे, पण रोपं, बिया आणि जमिनीलगतची घरटी जळून जातात, उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. इथल्या आगींचे इशारेही भारतीय वन सर्वेक्षण अशाच उपग्रहांच्या ठिपक्यांवरून मोबाइलवर पाठवतं; नोंदणी केली की सामान्य नागरिकालाही मिळतात. ठिपका नेमका वन विभागाच्या हद्दीत पडला आहे का शेजारच्या मालकी रानात, हे मात्र पाहायला हवं.