'जवारी' म्हणजे नक्की कुठली कोंबडी? स्वभावामागची पार्श्वभूमी

बेळगावच्या शनिवारच्या बाजारात कुठल्याही डालग्याकडं बोट दाखवून 'ही जवारी हाय काय' विचारा, विकणारा हो म्हणणारच. कन्नड बोलणारा तिला नाटी म्हणतो, आपण गावठी नायतर जवारी, आणि हॉटेलच्या बोर्डावर ती गावरान होते. आधी या शब्दात रंग नव्हता, कोंबडीचा स्वभाव होता. दिवसभर उकिरडा उकरणारी, घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेणारी, संध्याकाळी धरायला गेलं तर घरभर पळवणारी आणि थोडी अंडी झाली की खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसणारी, ती जवारी.

फार मागं जात नाही. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. आपल्या खानापूरच्या रानात असतो तो राखी रानकोंबडा वेगळा, पण कोंबड्यांची पिवळी कातडी त्याच्याकडूनच आली असं २००८ साली जनुकं तपासल्यावर निघालं. पुढं माणसानं आपल्या सोयीनं स्वभाव निवडले. असील ही जात झुंजीसाठी, म्हणून माणसाच्या हातात शांत आणि दुसरा कोंबडा दिसला की पेटतो. लेगहॉर्न ही विलायती जात अंड्यासाठी, म्हणून भित्री, भांडं पडलं तरी फडफडते आणि खुडूक जवळजवळ बसतच नाही.

खरा घोळ खुडूकपणाचा. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, २१ दिवस उबवणार, मग पिल्लांमागं आणखी काही आठवडे फिरणार. त्यामुळं गावठीची वर्षाची अंडी ५०-६० च्या आसपासच. १९८९ साली बेंगळुरूत तयार झालेली गिरिराजा ही जात परसातल्या पालनासाठीच आली, तिची अंडी १३० ते १५०, वजन दांडगं, पण खुडूक बसत नाही. कागदावर हिशेब बरोबर आहे, पण माझ्या मते गावातल्या बाईचा हिशेब त्यात धरलाच नाही, कारण तिला अंड्यांपेक्षा फुकटात होणारी पिल्लं हवी असतात आणि गिरिराजाची पिल्लं दरवेळी विकत आणायची, वर पहिले काही आठवडे बल्ब लावून सांभाळायची कारण आई नाही. शिवाय घरच्या अंड्यातनं काढलेली पुढची पिढी तेवढी भरत पण नाही. दुसरी बाजू पण खरी आहे, अंडी विकून घर चालवणाऱ्याला खुडूक कोंबडी म्हणजे खोटच, उगाच नाही बायका तिला गार पाण्यात बुडवून उठवत.

यात पिसांनी गोंधळ वाढवला. गिरिराजाची पिसं गावठीसारखी रंगीबेरंगी, त्यामुळं बाजारात ती आरामात जवारी म्हणून खपते आणि भावही जवारीचा घेते. स्वभाव मात्र संथ, अंगानं जड, मांजर-कोल्ह्यापुढं पळता येत नाही. २००५ ची स्वर्णधारा ही जात मुद्दाम हलकी ठेवली, ती निसटते तरी. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि व्हॉट्सअपवर त्याचीच हवा, पण कडकनाथ कोंबडीही आई म्हणून कच्चीच.

मग खेड्यात लोक काय करतात, गिरिराजाची अंडी खुडूक गावठीखाली ठेवतात. अंडी मोठी, म्हणून नेहमीपेक्षा दोन-तीन कमीच मावतात.