तान्ह्यांचा खोकला, उलटी आणि सिरपची बाटली

पावसाळा लागला की ठाणे-वाशीकडच्या बालरोगतज्ज्ञांकडे हमखास येणारी तक्रार म्हणजे बाळ खोकतं आणि खोकता खोकता प्यायलेलं दूध ओकून टाकतं. साध्या सर्दीत हे नेहमीचंच. तान्ह्याला कफ थुंकता येत नाही. तो गिळला जातो आणि उलटीवाटे पडतो. तरी ‘काहीतरी औषध द्याच’ हा घरच्यांचा आग्रह जुना आहे.

पूर्वी तो बाळगुटीवर भागायचा. सहाणेवर आईच्या दुधात वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळायचं, खोकला असला तर काकडशिंगीचे दोन वेढे जास्त, वर बोटभर मध. हा मध मात्र वर्षाच्या आत नकोच. तान्ह्यांमधला बोट्युलिझम (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडणं) १९७६ मध्ये ओळखला गेला आणि पुढे मधाशी त्याचा संबंध उलगडला.

जुन्या बायकांना खरी धास्ती होती डांग्या खोकल्याची. उबळीमागून उबळ, शेवटी उलटी, बाळ निळं पडायचं. त्याचा जंतू बोर्दे आणि झांगू यांनी १९०६ मध्ये शोधला. त्यावरची त्रिगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) भारताच्या लसीकरण कार्यक्रमात १९७८ पासून आहे. आता ती पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीमधून ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळते.

गुटीची जागा पुढे सिरपने घेतली. सिरपमध्ये औषध विरघळवायला आणि गोडी आणायला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यातलं रसायन मिसळलं गेलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. अमेरिकेत १९३७ मध्ये यानेच शंभरावर बळी घेतले. आपल्या शेजारी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, त्याच्याच चौकशीसाठी न्या. लेंटिन आयोग नेमला होता. २०२२ मध्ये आफ्रिकेतला गांबिया, २०२५ मध्ये मध्य प्रदेशातलं छिंदवाडा: दोन्हीकडे अशाच सिरपने मुलं दगावली. कारण इतकी वर्षं ठाऊक असताना पुन्हा मुलंच जावीत, हे अक्षम्य आहे. छिंदवाड्यानंतर केंद्र सरकारने बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊ नयेत.

उलटी-जुलाबांवरचा खरा उपाय स्वस्त निघाला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलराचे रुग्ण वाचवले. त्यातूनच ओआरएस सर्वत्र पोचलं. तान्ह्याला ते डॉक्टरांना विचारून, चमच्याचमच्याने. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. हिरवी किंवा रक्ताची उलटी, श्वास घेताना आत ओढली जाणारी छाती, निळसर ओठ, सहा-आठ तास कोरडी लंगोट, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप: यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठावं.