बहात्तर तास कशासाठी?

हृदय अचानक बंद पडले, छातीवर दाब देऊन आणि विजेचा झटका देऊन ते पुन्हा सुरू झाले, पण माणूस काही शुद्धीवर आला नाही, अशा रुग्णाच्या नातेवाइकांना अतिदक्षता विभागाच्या दारात बहुधा एकच उत्तर मिळते: ‘बहात्तर तास बघू.’ छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो की लातूर-नांदेडचा एखादा खासगी दवाखाना, उत्तर फारसे बदलत नाही. रात्रीतून गावाकडून आलेली, जिन्याजवळ सतरंजी टाकून बसलेली मंडळी ते ऐकतात आणि आपसांत म्हणतात, ‘डॉक्टर काही नीट सांगंनात.’ त्यांचा राग समजण्यासारखा आहे. प्रत्येक दिवसाचा खर्च वाढत असतो आणि कुणाला तरी कुणाकडून तरी उसने मागावे लागत असतात. तरीही या मुदतीला टाळाटाळ म्हणता येणार नाही. मेंदूच्या पेशींना इजा होण्याचे आणि त्यातून सावरण्याचे जे वेळापत्रक आहे, त्यातून ती आलेली आहे.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, पण हृदय बहुतेक वेळा धडधडत राहते आणि रुग्ण बोलू शकतो. हृदय बंद पडते तेव्हा मात्र त्याची विद्युतलय बिघडते, ते नुसते थरथरते किंवा थांबते, आणि रक्त पुढे सरकत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले तरी विश्रांतीच्या स्थितीत शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो, आणि त्याच्याजवळ साठा जवळजवळ नसतो. म्हणून दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चार-पाच मिनिटांनंतर कायमच्या इजेचा धोका झपाट्याने वाढतो. हृदय बंद पडल्यापासून छातीवर दाब सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, यावर पुढचे बरेच काही ठरते, ते याच कारणाने. १०८ला फोन लावून रुग्णवाहिकेची वाट पाहत असतानाच दाब द्यायला लागलेला शेजारी पुढच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोठे काम करून जातो, असे मला वाटते.

हृदय पुन्हा सुरू झाले की नातेवाइकांना संकट टळल्यासारखे वाटते. मेंदूत मात्र दुसरी इजा तेव्हाच सुरू होते. महिनोन्महिने तापलेल्या रानावर वळवाचा जोराचा पाऊस एकदम कोसळला तर पाणी मुरण्याऐवजी माती वाहून जाते, तसे काहीसे परतलेल्या रक्ताचे होते. प्राणवायूअभावी बिघडलेल्या पेशींत कॅल्शियम शिरते, ग्लुटामेट हे रसायन प्रमाणाबाहेर साचते, आणि परतलेल्या प्राणवायूपासून पेशींची आवरणे जाळणारे क्रियाशील रेणू तयार होतात. काही पेशी लगेच मरत नाहीत. दोन-तीन दिवसांनी मरतात. सोव्हिएत वैद्य व्लादिमिर नेगोव्स्की यांनी १९७२ मध्ये या अवस्थेला एक स्वतंत्र आजार मानावे असे सुचवले, आणि आज अतिदक्षता विभाग तसेच मानून उपचार करतो. पहिल्या दिवशी काढलेले मेंदूचे सीटी स्कॅन कधी कधी ठीक दिसते, त्याचे एक कारण हेच: इजा अजून पूर्ण घडलेलीच नसते.

मेंदूचे सगळे भाग सारखे नाजूक नसतात, आणि घरच्यांची सर्वांत मोठी घालमेल इथूनच सुरू होते. विचार, ओळख आणि भाषा सांभाळणारे बाह्यक आणि आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस हे भाग आधी होरपळतात. श्वास, झोप-जाग आणि डोळ्यांची उघडझाप सांभाळणारा मस्तिष्कस्तंभ जास्त टिकाऊ असतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत आत गेलेली मुलगी धावत बाहेर येते आणि सांगते, ‘आबांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं!’ तिने पाहिले ते खरेच असते. पण पापण्या उघडणे हे मस्तिष्कस्तंभाचे काम आहे, आणि नजर तिच्या चेहऱ्यामागे फिरते का, ‘आबा, हात दाबा’ म्हटल्यावर हात दाबला जातो का, हे बाह्यकाचे. डॉक्टर यांतल्या दुसऱ्या, बाह्यकाच्या कामाची वाट पाहत असतात. तिचा आनंद खोडून न काढता हा फरक तिला तिथेच, उभ्याउभ्या का होईना, समजावून सांगायला हवा. तेवढा वेळ कुणी काढत नाही, याची खंत वाटते.

त्यात गुंगीच्या औषधांची भर असते. व्हेंटिलेटरची नळी सहन व्हावी, झटके येऊ नयेत म्हणून ती द्यावी लागतात. हृदय बंद असताना मूत्रपिंड आणि यकृतालाही मार बसलेला असतो, त्यामुळे नेहमी काही तासांत उतरणारे औषध दिवसभर किंवा अधिक काळ रक्तात रेंगाळते. वयस्क माणसात तर आणखीच. बहुतेक शुद्धीवर येणारे रुग्ण पहिल्या काही दिवसांत येतात, पण औषधे थांबवल्यावर दोन दिवसांहून अधिक काळाने जागे होणारेही असतात, आणि त्यांतले काही पुढे स्वतःचे स्वतः सगळे करू लागतात.

म्हणूनच युरोपातील तज्ज्ञांच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, हृदय सुरू झाल्यापासून किमान ७२ तास उलटल्यावर आणि गुंगीचा अंमल उतरल्याची खात्री केल्यावर, रुग्ण अजूनही बेशुद्ध असेल तरच भाकीत करायला बसावे, आणि एकट्या चाचणीवर विसंबू नये. डॉक्टर बाहुलीवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाचे टोक हलकेच लावून पापणी मिटते का ते पाहतात. मनगटाजवळच्या मज्जातंतूला विजेचा बारीकसा ठोका देऊन सुमारे २० मिलिसेकंदांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंना त्याची लहर पोचते का, हे मोजता येते; ही लहर दोन्हीकडे नसेल तर ते फार गंभीर लक्षण असते. मेंदूचा विद्युत आलेख, एमआरआय आणि मृत मेंदूपेशींतून रक्तात उतरणारे एनएसई हे विकर यांचीही मदत होते. एनएसई तांबड्या पेशींतही असल्याने नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढतो. अशी किमान दोन प्रतिकूल लक्षणे जुळली तरच आशा फार कमी आहे असे म्हणतात. नाही जुळली तर थांबून पुन्हा तपासतात. या चाचण्या सगळ्या ठिकाणी होत नाहीत, आणि जिथे होत नाहीत तिथे वेळ हीच मोठी चाचणी उरते. घाईने ‘काही उपयोग नाही’ म्हणून उपचार थांबवले की रुग्ण जातो आणि भाकीत आपोआप खरे ठरते; या क्षेत्रातल्या जुन्या अभ्यासांना हा दोष चिकटलेला आहे.

अंगाला येणारे झटके घरच्यांना घाबरवून सोडतात. पहिल्या तीन दिवसांत बेशुद्धीत सतत येणारे झटके वाईट लक्षण मानतात. मात्र लान्स आणि ॲडम्स या डॉक्टरांनी १९६३ मध्ये असे रुग्ण नोंदवले, जे शुद्धीवर आलेले होते आणि हात उचलायला गेले की ज्यांना झटके येत. त्यांच्यावर औषधोपचार होतात.

मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून अंग थंड ठेवण्याच्या उपायाविषयीही विचारणा होते. २००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन चाचण्यांत शरीर ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्याने फायदा दिसला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,९०० रुग्णांच्या चाचणीत मात्र थंड करणे आणि नुसता ताप येऊ न देणे यांत फरक आढळला नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे थंड करायचे मशीन नव्हते’ म्हणून स्वतःला बोल लावू नये; ताप आटोक्यात ठेवणे महत्त्वाचे, आणि ते तालुक्याच्या गावीही जमते.

बाहेर बसलेल्यांनी करण्यासारखे बरेच असते. हृदय किती वाजता बंद पडले आणि छातीवर दाब किती वेळाने सुरू झाला, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसानेच डॉक्टरांना सांगावे. आबांना एका कानाने ऐकू येत नाही, त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डावा हात आधीपासून अधू आहे, हे सांगितले नाही तर तपासणीचा अर्थ चुकू शकतो, कारण ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली प्रकाशाला नीट प्रतिसाद देईलच असे नाही. जवळ बसून त्यांच्याशी नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या नावाने बोलावे. योगेश्वरीचा अंगारा कपाळाला लावायला कुणाची हरकत नसते, पण तीर्थाचे चार थेंबही तोंडात घालू नयेत: गिळण्याची क्रिया परतलेली नसेल तर ते थेट फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो.

मेंदूमृत अवस्था ही याहून वेगळी गोष्ट आहे. तिच्यात मस्तिष्कस्तंभही कायमचा थांबलेला असतो, आणि अवयवदानासाठी ती ठरवताना मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यानुसार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. डोळे उघडणारा, स्वतः श्वास घेणारा रुग्ण मेंदूमृत नसतो.

जो जागा होतो, तोही लगेच पहिल्यासारखा होत नाही. ‘मी कुठंय? काय झालं मला?’ हे तो दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारतो, कारण हिप्पोकॅम्पस नवी आठवण धरून ठेवत नाही. त्याला वेड लागलेले नसते आणि तो मुद्दामही करत नसतो. दर वेळी तेच छोटे उत्तर शांतपणे द्यावे, उशाशी कागदावर लिहून ठेवावे. बरीच सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, त्यानंतरही हळूहळू चालू राहते. थकवा, विसराळूपणा आणि चिडचिड मात्र पुढेही रेंगाळू शकते, आणि ‘हिंडतो-फिरतो, म्हणजे बरा झाला’ अशा समजुतीत ती लक्षात येत नाही. पेरणीचा हिशेब, औषधांच्या वेळा, मोटारसायकल चालवणे हे सगळे त्याच्यावर सोपवण्याआधी फेरतपासणीत स्मरणशक्तीची चाचणी मागून घ्यावी. हृदयाची लय पुन्हा बिघडू शकत असेल तर छातीत बसवायच्या, लय बिघडताच आपोआप विजेचा झटका देणाऱ्या आयसीडी यंत्राविषयी, आणि घरच्यांनी छातीवर दाब देणे शिकण्याविषयीही तेव्हाच विचारावे. त्याच भेटीत सोबत आलेल्या बायकोला किंवा मुलाला झोप लागते का, हे डॉक्टरांनी विचारले पाहिजे: दुःस्वप्ने, धास्ती आणि खिन्नता वाट पाहणाऱ्यांनाही महिनोन्महिने त्रास देते, तिच्यावर उपचार आहेत, आणि रुग्णाच्या केसपेपरवर तिची नोंद कधीच होत नाही.