आतडं फुटलंय की फुगलंय?

उभ्या एक्स-रेवर डायाफ्रामखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) हवेची काळी कोर दिसली, की मिरजेतला कुठलाही सर्जन पहिल्यांदा म्हणतो: आतडं फुटलं, थिएटर तयार करा. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण पेशंट डर्माटोमायोसायटिसचा, म्हणजे स्नायू आणि त्वचेला सूज आणणाऱ्या आजाराचा असेल, जमिनीवरून उठता येत नाही, केस विंचरायला हात वर जात नाहीत, पापण्यांवर जांभळट चट्टे, तर तीच कोर दोन अगदी वेगळ्या कारणांनी उमटते.

न्यूमॅटोसिसमध्ये आतड्याच्या भिंतीतच हवेचे बुडबुडे साठतात. सीटीवर तासगावच्या द्राक्षघडासारखे. बाहेरच्या बाजूचा एखादा फुटला की हवा पोटात येते, पण आतड्याला भोक नसतं, घाण सांडत नाही. पेशंट गप्पा मारतो, भूक लागली म्हणतो. पोट फुगलेलं, पण मऊ. इथे चिरायची घाई नको: तोंडाने खाणं बंद, सलाईन, कधी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक, आणि ऑक्सिजन. हा ऑक्सिजन दम लागला म्हणून नव्हे. त्याने रक्तातला नायट्रोजन कमी होतो आणि बुडबुड्यांतला वायू हळूहळू रक्तात ओढला जातो.

खऱ्या छिद्रात आजाराने आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्याच बंद पडतात, भिंत मरते, फुटते. लहान मुलांमध्ये ही भीती जास्त. ताप, जलद नाडी, उतरतं बीपी, रक्तात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण. मग ऑपरेशनच. आणि बुडबुडे दिसले म्हणून भोक नाही असंही धरू नये. मरणाऱ्या भिंतीतही हवा शिरते.

पुस्तकात फरक सोपा, खाटेवर या आजाराचं औषधच, स्टेरॉइड, घोळ घालतं. रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्याचं पोट छिद्र पडूनही मऊ राहू शकतं, ताप चढत नाही, आणि पांढऱ्या पेशी तर स्टेरॉइडनेही वाढतात. म्हणून "पोट मऊ आहे, सकाळी बघू" हे या पेशंटांत मला अजिबात पटत नाही. त्याच सर्जनने दर काही तासांनी पोट पुन्हा तपासावं, सीटी लवकर करावा. जत-आटपाडीहून येणाऱ्या नातेवाइकांनी ॲसिडिटीच्या गोळीची हकिकत मागे ठेवून स्टेरॉइड किती आणि कधीपासून, ते आधी सांगावं. पोट दुखतंय म्हणून स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, बीपी कोसळतं.

ड्युओडेनम, म्हणजे जठरानंतरचा लहान आतड्याचा पहिला भाग, मागच्या बाजूला फुटलं तर हवा डायाफ्रामखाली न जाता उजव्या मूत्रपिंडाभोवती साठते. एक्स-रे स्वच्छ, आणि पोरगं पोट धरून कण्हतंय. तिथे सीटीशिवाय पत्ता लागत नाही.