प्रोफिशिएन्सी आणि ग्रोथ: शाळा चांगली की वाईट, नक्की कशावरून ठरवताय?

अमेरिकेतल्या सरकारी शाळा कशा सुधारायच्या यावर वाद सुरू झाला की थोड्याच वेळात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक जण म्हणतो शाळा फेल आहे, निम्म्या मुलांना धड वाचता येत नाही. दुसरा म्हणतो अहो त्याच शाळेत मुलं भराभर पुढे चाललीयत. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही एकाच परीक्षेचे आकडे दाखवत असतात. ही गल्लत अगदी वरपर्यंत होते बरं का. जानेवारी २०१७ मध्ये बेट्सी डेव्हॉस यांना शिक्षणमंत्री नेमण्याआधी सिनेटसमोर त्यांची सुनावणी होती, तिथं सिनेटर अल फ्रँकन यांनी थेट विचारलं की परीक्षेचे मार्क प्रोफिशिएन्सीसाठी वापरायचे की ग्रोथसाठी, तर डेव्हॉस यांच्या उत्तरातच दोन्ही एकमेकांत मिसळलं.

तर प्रोफिशिएन्सी म्हणजे एक रेघ. चौथीच्या मुलाला एवढं आलंच पाहिजे असं राज्य ठरवतं आणि परीक्षेच्या दिवशी मूल त्या रेघेच्या वर आहे की खाली एवढंच बघतात. शंभरातली किती मुलं वर, तो झाला शाळेचा आकडा. ग्रोथमध्ये रेघ बाजूला ठेवायची आणि हेच मूल गेल्या वर्षी कुठे होतं, आज कुठे आहे, ते बघायचं.

समजा एक मुलगी पाचवीत आली तेव्हा दुसरीचा धडाही अडखळत वाचायची, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, आणि ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरून जायची. बाईंनी वर्षभर तिला तिच्या लेव्हलची पुस्तकं दिली, रोज थोडा वेळ शेजारी बसून वाचून घेतलं, आणि वर्षाच्या शेवटी ती चौथीचा उतारा सलग वाचून त्यात काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लागली. म्हणजे एका वर्षात दोन वर्षांचं अंतर कापलं. पण पाचवीच्या रेघेपर्यंत पोचली का? नाही. म्हणजे प्रोफिशिएन्सीच्या खात्यात ती नापासच, बाईंचं सगळं काम शून्य. उलट पाचवीत येतानाच सातवीचं वाचणारं एखादं मूल वर्षभर काहीही न शिकता तसंच बसून राहिलं, तरी ते पास आणि शाळेच्या नावावर जमा.

आता २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केलेला 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आठवा. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, आणि निकाल वंश, गरिबी, अपंगत्व, इंग्रजी शिकणारी मुलं असे वेगवेगळे काढून दाखवायचे. याचं श्रेय द्यायलाच हवं, कारण आधी सरासरीच्या आकड्याखाली ही मुलं झाकली जायची आणि शाळा छान दिसायची. पण मोजमाप मुख्यतः रेघेवर, आणि २०१३-१४ पर्यंत १०० टक्के मुलं रेघेच्या वर पाहिजेत अशी अट. शिवाय रेघ प्रत्येक राज्याने आपापली आखायची, त्यामुळे काहींनी ती सरळ खालीच आणली. अटलांटामध्ये तर शिक्षकांनीच उत्तरपत्रिका बदलल्याचं उघड झालं, २०११ च्या चौकशी अहवालात १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं होती.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो मात्र दुसऱ्याच परिणामाचा. रेघेच्या जरा खाली असलेल्या मुलांना थोडं ढकललं की शाळेचा आकडा लगेच वाढतो, मग ज्यादा तास, शिकवणी, लक्ष सगळं त्यांच्याकडे, आणि जी मुलं फार मागे आहेत ती यंदा काही रेघ ओलांडणार नाहीत म्हणून सोडून द्यायची. शिकागोच्या आकड्यांवर डेरेक नील आणि डायान शान्झनबाख या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अभ्यास छापला त्यात हेच दिसलं, मधल्या मुलांचे मार्क वाढले, सगळ्यात खालच्यांना काही ठोस फायदा नाही. ज्यांच्यासाठी कायदा केला तीच मुलं वाऱ्यावर!

आणि रेघेवरचा आकडा शाळेपेक्षा घराबद्दल जास्त सांगतो. अमेरिकी सरकारने शाळांचा मोठा अभ्यास करून घेतला त्या १९६६ च्या कोलमन अहवालापासून हे परत परत दिसलंय की मार्कांमधला खूप मोठा फरक घरच्या परिस्थितीतून येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या स्कूल डिस्ट्रिक्ट्सचे (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांचे) आकडे एकत्र केले तेव्हा सरासरी मार्क आणि श्रीमंती यांचं नातं एकदम घट्ट निघालं, पण तिसरीपासून आठवीपर्यंत मुलं किती पुढे गेली याचं श्रीमंतीशी नातं बरंच सैल. आणि पुढे कोण निघालं तर शिकागो, ज्या शाळांना वर्षानुवर्षं नावं ठेवली गेली त्याच. तिथली मुलं पाच वर्षांत साधारण सहा वर्षांचं शिकत होती. तिसरीतच मागे होती, म्हणून आठवीतही सरासरी जेमतेम, म्हणून लोकांच्या लेखी शाळा वाईट. घर घेताना शाळेचं रेटिंग बघणारे लोक बऱ्याचदा शेजाऱ्यांची कमाई बघत असतात, शाळेतलं शिकवणं नाही.

पण म्हणून ग्रोथ बघितली की झालं असंही नाही, आणि इथे ग्रोथवाल्यांशी माझं पटत नाही. तीन वर्षं मागे असलेल्या मुलाने दरवर्षी एक वर्षाची प्रगती केली तर ग्रोथच्या तक्त्यात सगळं ठीक दिसतं, पण बारावीतही ते तीन वर्षं मागेच असणार. कॉलेज आणि नोकरी देणारे तू किती पुढे आलास हे विचारत नाहीत, तुला काय येतं हे विचारतात. दरी बुजवायची तर मागच्या मुलाची ग्रोथ पुढच्यापेक्षा जास्त लागते, बरोबरीची पुरत नाही. शिवाय छोट्या शाळेत एका वर्गात वीस मुलं, त्यातली चार बदलली तरी एका वर्षाची ग्रोथ वरखाली होते. गणितही किचकट, पालकांना सोडा, शिक्षकांनाही आपला आकडा कुठून आला ते कळत नाही. आणि आधीच्या वर्षाचे मार्क नसले तर सगळंच अडतं, २०२० च्या वसंतात कोविडमुळे परीक्षाच झाल्या नाहीत तेव्हा २०२१ ची नेहमीसारखी ग्रोथ काढता येईना.

माझं म्हणणं एवढंच की दोन आकड्यांची कामं वेगळी आहेत, ती वेगळीच ठेवा. पैसा, ज्यादा शिक्षक, वाचनाची शिकवणी कुठे पाठवायची हे प्रोफिशिएन्सीवरून ठरवा, कारण तिथल्या मुलांना गरज आहे, मग दोष कोणाचाही असो. पण मुख्याध्यापक बदलायचा, शाळा बंद करायची किंवा कोणाला शाबासकी द्यायची असले निर्णय ग्रोथ न बघता घेऊच नका. २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्याने राज्यांना ग्रोथ धरायची मोकळीक दिलीय आणि बहुतेक राज्यं धरतातही, फक्त कुठे किती वजन द्यायचं ते प्रत्येकाचं वेगळं. म्हणून राज्य शाळांचं जे रिपोर्ट कार्ड काढतं त्यावरचा एकच मोठा ग्रेड वाचून थांबू नका, आत जाऊन ग्रोथचा रकाना उघडा, एका वर्षाचा नको, निदान तीन वर्षांचा बघा, आणि गरीब मुलांची ग्रोथ वेगळी दिलेली असेल तर तो आकडा आधी वाचा.