वही पूर्ण झाली म्हणजे मूल शिकलं असं नाही

आपल्या सोलापुरात बऱ्याच खासगी शाळांच्या लहान वर्गांत बाईंच्या जोडीला एक मदतनीस ताई असते. मागच्या बाकाशी वाकून ती एखाद्या मुलाला काहीतरी समजावत असते. लांबून पाहिलं तर कळत नाही, पण ती दोनपैकी एक काम करत असते: मुलाकडून काम पूर्ण करून घेणं, किंवा ते काम मुलाला स्वतः जमावं म्हणून आधार देणं.

पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी दुसरीतली मुलगी घ्या. बाई म्हणाल्या ‘बावन्न’, तिने लिहिलं 25. हा निष्काळजीपणा नव्हे. तेलुगूत ही संख्या ‘याभै रेंडु’, म्हणजे आधी पन्नास, मग दोन. मराठीत आधी दोन ऐकू येतात, मग पन्नास. ऐकलं त्या क्रमाने तिने लिहिलं. (मराठी घरांतली मुलंही इथे अडखळतातच.)

पहिल्या प्रकारची मदत अशी: “उलटं झालं बघ. खोड, आधी पाच लिही.” वही नीटनेटकी होते, बाई बरोबरची खूण करतात आणि पुढच्याच ओळीत ‘त्रेसष्ट’चे 36 होतात.

दुसऱ्या प्रकारात ताई आधी गप्प राहते. मूल आपणहून पुन्हा बघतं का, याची वाट पाहते. नाहीच जमलं तर काड्या पुढे सरकवते. “बावन्न काड्या काढ बरं. दहाचे गठ्ठे किती झाले? तेलुगूत सांग, चालेल.” पाच गठ्ठे, दोन सुट्या. “मग दशकाच्या घरात काय येईल?” आकडा ती सांगत नाही. मुलीचं तिलाच उमगलं की ताई तिथून उठते, पुढची संख्या तिला एकटीला लिहू देते. हे उठणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेजारी सतत कुणी बसलं की मूल वहीकडे बघायचं सोडून त्या माणसाच्या तोंडाकडे बघायला लागतं.

इंग्लंडमध्ये 2003 ते 2008 या काळात शिक्षण-संशोधक पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी वर्गातल्या अशा साहाय्यकांचा मोठा अभ्यास केला. साहाय्यकांची मदत जास्त मिळालेल्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी दिसली. दोष साहाय्यकांचा नव्हता. त्यांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, शिक्षकांशी बोलायला पुरेसा वेळ नव्हता, भर काम उरकण्यावर होता. आणि मागे पडलेली मुलं शिक्षकांपासूनच तुटत गेली.

उलट, आपल्याकडे ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतल्याच तरुणींनी मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट रोज साधारण दोन तास घेतले, तेही अक्षर-अंकांच्या पायापासून. मुंबई आणि वडोदऱ्यात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हा उपक्रम तपासला तेव्हा मुलांचे गुण वाढलेले आढळले. त्या तरुणींना काय शिकवायचं ते नेमकं ठाऊक होतं, त्यासाठी प्रशिक्षणही मिळालं होतं.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. ताईला वह्यांवर कव्हर घालायला आणि डबे उघडायला जेवढा वेळ देता, त्यातला थोडा बाईंशी बोलायला द्या. आज कोणती संकल्पना आहे, मुलं कुठे अडतील, कुठवर सांगायचं, हे तासाआधी ठरू दे. आणि आठवड्यातून काही तास अदलाबदल करा: ताई बाकी वर्गाचा सराव बघेल, बाई मागच्या बाकाशी बसतील.